पेटी क्रमांक चौदा

मंगळवारी सकाळी साइट उघडली तर समास गेलेले.
फोटोला फोटो खेटून बसलेला,
मध्ये केसाएवढी फट नाही,
मागे काळं, आणि खाली खाली जावं
तर तळच लागेना.
वर एक ओळ: खास तुमच्यासाठी, नवं रूप.
मी कधी मागितलं होतं?

मी जिन्याखालच्या टपालपेट्यांचे फोटो काढते.
अकरा वर्षं झाली. दोन हजार एकशे सात पेट्या,
डोंगरी, माझगाव, भायखळा, ताडवाडी.
पत्र्याच्या, सागवानी,
एक तर बिस्किटांच्या डब्याला फट पाडून केलेली.
पेटीला भोवतीची भिंत लागते,
पोपडे, मीटरची वायर, कुणीतरी पुसलेलं बोट.
ती काढून घेतली की उरतो नुसता पत्रा.

रविवारी डोंगरावरच्या बागेत आम्ही नऊ जण जमलो
आणि उतरताना पाच आणि चार होतो.
उल्हास पाटकर म्हणाला, फोटो मोठा दिसतोय ना?
कार्पेट एरिया वाढलाय, रडता कशाला?
झुबेदा कोंडकर म्हणाली, ही बिल्डरची भाषा झाली,
आम्हालाही आधी नकाशाच दाखवला होता,
सात वर्षं ट्रान्झिट कॅम्पात आहोत.
कैझादने थर्मासमधला चहा ओतला.
त्याचे फोटो सगळे पक्ष्यांचे.
पक्षी काय, कुठेही बसतात, म्हणाला.
गद्रे सर ताडकन उठले,
आत्ताच्या आत्ता खातं बंद करतो म्हणाले,
आणि चष्मा सापडेना.

रात्री मी तीन जागा पाहिल्या.
पहिली फुकट, पण सगळं चौकोनी कापते,
माझ्या पेट्या उभ्या.
दुसरीचं भाडं डॉलरमध्ये, आणि शेजारी सगळे
बर्फाचे डोंगर.
तिसरी साधी, पांढरी, बोटभर समास सोडलेली.
पण शुकशुकाट. नव्या टॉवरच्या लॉबीत असतो तसा,
जिथे स्टीलच्या पेट्या ओळीने चकचकतात,
नंबर आहेत, नावं नाहीत.

तरी तीच घेतली असती.
सामान हलवायला बटणही होतं:
फोटो येतील. शीर्षकं येतील. तारखा येतील.
प्रतिक्रिया येणार नाहीत.

मग मी चौदा नंबर उघडली.
ताडवाडीच्या मागची इमारत, आता तिथे पत्र्याचं कुंपण आहे.
पेटीवर अर्धंच नाव, कुडत,
पुढचं रंगासकट गळालेलं,
आणि कुलपाशी एक लांब ओरखडा.
नव्या रूपात तीन टिंबं दाबावी लागतात,
मग बाण, मग अजून एक बाण.
तिथे होती ती. सहा वर्षांपूर्वीची, कुणी अनोळखी बाई:

ही आमची पेटी. ओरखडा माझा, कंपासच्या टोकाचा.
फटीतून टेलिफोन खात्याचं पाकीट दिसत होतं,
चावी दादाकडे, आणि दादा रात्रपाळीला.

मी विचारलं होतं, मग? लागली नोकरी?

लागली. तेहतीस वर्षं केली.
पाकीट ओढताना फाटलं, ते मात्र कायमचं.

स्क्रीनशॉट घेता येतो, ठाऊक आहे मला.
पण सवय भिंतीसकट घेण्याची.
कॅमेरा काढला, स्टूलवर टेकवला.
काचेवर ट्यूबलाइट आली, माझं कोपर आलं,
शेजारच्या कपाटावरचा गणपतीचा मखर आला.
अक्षरं थोडी हलली. वाचता येतात.

नव्या जागेत पहिला फोटो तोच चढवला.
तिने विचारलं, हे चित्र कशाचं?
बराच वेळ कर्सर लुकलुकत होता.
मी लिहिलं: टपाल.

जुन्या साइटचे पैसेही भरून टाकलेत,
पुढच्या मार्चपर्यंत.
उल्हासला सांगू नका.